वीस सेकंदांचा फरक

३ ऑगस्ट, सोमवार

पाचला उठलो. दूध नासलं होतं, कोरा चहा घेतला. ऑफिसला गेलो. बाजारातल्या तीन दुकानांचे काटे तपासले. एकात किलोमागे आठ ग्रॅमची तूट. नोटीस दिली. दुकानदार म्हणाला, आठ ग्रॅमने कुणाचं काय बिघडतं. संध्याकाळी कपडे धुतले.

बारकीला कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडून आज सात आठवडे झाले. घर शांत आहे. मला शांतता आवडते.

सहा वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा रोजनिशी बंद केली होती. आजपासून पुन्हा सुरू. वेळ आहे, विशेषतः पहाटे पाच ते सहा. हा तास सहा वर्षं शाळेच्या मैदानावर गेला. बारकी धावायची, मी गेटजवळच्या बाकावर स्टॉपवॉच घेऊन बसायचो. आई गेली तेव्हा पोर बारा वर्षांची. तिला सावरायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी तिला धावण्यात गुंतवलं. त्यातून ती उभी राहिली. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही.

ठरवलं आहे की तिला आपण होऊन फोन करायचा नाही. तिचा रविवारी येतो, तेवढा पुरे. मुलांना मोकळं सोडलं पाहिजे.

४ ऑगस्ट, मंगळवार

तिला फोन केला. टॉवेल दोन नेले की तीन, एवढंच विचारायचं होतं. ती वर्गात होती. दोन, असं कुजबुजून ठेवून दिला.

९ ऑगस्ट, रविवार

बारकीचा फोन. चौदा मिनिटं.

खोलीत तिघी आहेत. बाकीच्या दोघी पहिला महिनाभर रोज रडत होत्या, बारकी नाही. त्या आठ वाजता उठतात, धावत-पळत वर्गात जातात, निम्म्या वेळा नाश्ता बुडतो. बारकीला पाचला आपोआप जाग येते. पहिल्या चाचणीत गणितात नापास झाली, पण बिथरली नाही. दुसरीत पास झाली. हे सगळं मैदानाचं देणं आहे. मी तिला तसं सांगितलं. ती हं म्हणाली.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गंमत झाली म्हणे. द्रावणाचा रंग किती सेकंदांनी बदलतो ते पाहायचं होतं. सगळ्यांनी घड्याळं काढली, बारकीने नुसतं मनात मोजलं आणि आकडा बरोबर आला. सरांनी तीनदा परीक्षा घेतली, तिन्ही वेळा बरोबर. ते विचारत होते, ही सवय कुठून लागली. मी म्हटलं, सांगायचं ना, वडील सहा वर्षं स्टॉपवॉच घेऊन उभे होते. त्यावर ती गप्प बसली. भरून आलं असावं.

कॉलेजच्या धावण्याच्या टीमची निवड अठरा तारखेला आहे. नाव दिलंस का विचारलं. "बघू, बाबा," म्हणाली.

आमच्या घरात बघू म्हणजे हो. लग्नाआधी मी हिला विचारलं होतं तेव्हा हीसुद्धा बघूच म्हणाली होती.

१० ऑगस्ट, सोमवार

दूध पुन्हा नासलं. डेअरीवाल्याकडे संशयाने बघितलं पाहिजे.

आज बारकीची वही काढून बसलो. पंधराशे मीटरच्या रोजच्या वेळा, सहा वर्षांच्या. एक दिवस चुकलेला नाही. शेवटच्या दोन वर्षांतली सरासरी पाच मिनिटं वीस सेकंद. सर्वोत्तम पाच मिनिटं चार सेकंद. ती वेळ ज्या दिवशी आली त्या दिवशी हिला जाऊन बरोबर तीन वर्षं झाली होती. पोरीने त्या दिवशी जीव ओतला. माझा बाकावर हुंदका आवरेना.

एकच गोष्ट कायम खटकत आली. स्पर्धेत तिची वेळ नेहमी पाच चाळीसच्या आसपास यायची. एकदा चौथी आली, एकदा सातवी. दर वेळी वीस सेकंदांचा फरक. मुलगी घाबरते असं खेळाचे सर म्हणायचे. घाबरण्याचा फरक कमीजास्त असतो. फरक कायम एकसारखा असेल तर दोष मालात नसतो, मापात असतो. एवीतेवी ही माझी नोकरी आहे. मी स्पर्धा समितीला त्यांच्या घड्याळांबद्दल अकरा पत्रं लिहिली. अकराव्या पत्रानंतर त्यांनी सगळी घड्याळं बदलली. नवी घड्याळंही वीस सेकंद पुढे निघाली. काही लोक सुधारत नाहीत.

१२ ऑगस्ट, बुधवार

ढवळाढवळ करायची नाही हे ठरलेलंच आहे. फक्त कॉलेजच्या क्रीडा विभागाला माहितीसाठी एक पत्र टाकलं. सोबत सहा वर्षांच्या वेळांचा तक्ता, मैदानाच्या मोजणीचा दाखला (फेरी चारशे मीटर, मी स्वतः टेप लावून मोजलेली) आणि स्टॉपवॉच पडताळणीच्या शिक्क्याची प्रत. बारकीला सांगितलं नाही. ती संकोची आहे, माझ्यासारखी.

१६ ऑगस्ट, रविवार

मेव्हणी आली होती. हिची धाकटी बहीण, तोंडाने फटकळ. आल्या आल्या फ्रिज उघडून नाक दाबलं. एवढं दूध कशाला आणता म्हणाली. मी सांगितलं, पहिल्यापासून एक लिटरच येतं.

पत्राचं सांगितलं. वाटलं होतं, कौतुक करेल. तिने कप खाली ठेवला. पोरीला विचारलंत का, म्हणाली. मी म्हटलं, बघू म्हणाली आहे. त्यावर तिने फडकं ओलं केलं. मग म्हणाली, "भावोजी, सहा वर्षं कोण कुणाला उठवत होतं, याचा कधी विचार केलाय?"

मी म्हटलं, अर्थातच मी. गजर माझ्या उशाशी असायचा.

ती फ्रिज पुसायला लागली.

आज बारकीचा फोन नऊ मिनिटांत संपला. अभ्यास असेल.

१८ ऑगस्ट, मंगळवार

निवड चाचणी सातला. इथूनही लक्ष असावं म्हणून बाल्कनीत स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. सातच्या ठोक्याला सुरू केलं. मनातल्या मनात तिला प्रत्येक वळणावर पाहिलं. शेवटच्या फेरीत वेग वाढवला. बंद केलं तेव्हा पाच मिनिटं चौदा सेकंद. फारच छान. समोरच्या बाल्कनीतला माणूस बघत होता, त्याला हात केला.

रात्रीपर्यंत फोन नाही. निवड झाली की धावपळ असते.

१९ ऑगस्ट, बुधवार

ऑफिसात क्रीडा विभागाच्या बाईंचा फोन आला. आवाज चांगला होता, वागणंही नीट. आधी म्हणाल्या, तक्ता फार व्यवस्थित आहे. असा तक्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्या तक्त्यावर विसंबून त्यांनी बारकीला थेट वरच्या गटात धावायला लावलं. तिने नाव दिलेलं नव्हतं. हॉस्टेलमधून बोलावून घेतली. बूट मैत्रिणीचे. वेळ सहा मिनिटं चार सेकंद. बाकीच्या मुली पोचल्या तेव्हा ती अर्धी फेरी मागे होती आणि सगळ्या थांबून बघत होत्या.

मग त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, ते पंधराशेच मीटर होते ना?"

मी म्हटलं, बाई, मी वजनमापे निरीक्षक आहे.

त्या म्हणाल्या, हो, ते लेटरहेडवर वाचलं.

दोन महिन्यांत सराव सुटला, बूट दुसऱ्याचे; पंधरा-वीस सेकंद मी धरून चालतो. उरलेल्या अर्ध्या मिनिटाचं काय ते लागत नाही. त्यांची घड्याळं तपासून घ्यावीत असं सुचवलं. त्या बघू म्हणाल्या.

२० ऑगस्ट, गुरुवार

नाव दिलेलं नव्हतं, हे काल लिहिलं तेव्हा नीट ध्यानात आलं नव्हतं. दिवसभर आलं. फोन करणार नाही. तिने करायला हवा.

२३ ऑगस्ट, रविवार

पाचला उठून मैदानावर गेलो. ऑफिसचं मोजणीचं चाक बरोबर घेतलं. प्रश्न माझ्या मोजणीचा होता.

ट्रॅक गेटपासून निघतो, पाण्याच्या टाकीमागे जातो, जुन्या कार्यशाळेच्या लांबलचक शेडला वळसा घालतो आणि शेडच्या दुसऱ्या टोकाने परत समोर येतो. मधला दोनशे मीटरचा तुकडा बाकावरून दिसत नाही. चाक पूर्ण फिरवलं. चारशे मीटर वीस सेंटिमीटर. माझं माप बरोबर होतं.

परत येताना टाकीमागे थांबलो. टाकी आणि शेड यांच्यामध्ये एक बोळ आहे, माणूस जाईल एवढा. बोळाच्या तोंडाशी दोन विटा एकावर एक ठेवलेल्या. समोरची माती पावलांनी घासून गुळगुळीत झालेली. तिथे गवत नाही.

शाळेचा पहारेकरी झाडू घेऊन आला. सात-आठ वर्षं तोच आहे. ताई कशा आहेत विचारलं. मग माझी नजर कुठे आहे ते पाहून म्हणाला, ती ताईंची जागा, मी विटा हलवू दिल्या नाहीत कुणाला. सराव झाल्यावर बसत असेल, मी म्हटलं. तो म्हणाला, सरावानंतर नाही साहेब, तिसऱ्या फेरीला. तुम्हाला ठाऊक असेल की.

ठाऊक आहे म्हणालो.

तो गेल्यावर बोळ चाकाने मोजला. तीस मीटर. म्हणजे दोनशेऐवजी तीस. वाचले एकशे सत्तर. तिच्या वेगाने साधारण चाळीस सेकंद. त्यातले वीस बसण्यात गेले, तर उरतात वीस.

घरी येऊन वहीतल्या सगळ्या स्पर्धांना तो आकडा लावून पाहिला. प्रत्येक ठिकाणी बसला.

जेवलो नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार

ऑफिसला गेलो. एका भाजीवालीचा काटा तपासला. बरोबर निघाला. तरी दोनदा तपासला. ती म्हणाली, साहेब आज काय झालंय.

तेवीस वर्षं मी लोकांच्या मापातली तूट पकडतो. पारड्याला खालून चिकटवलेला तुकडा मला लांबून दिसतो. आणि सहा वर्षं, रोज, माझ्यासमोर, माझ्याच मुलीने. पहारेकऱ्याला माहीत होतं. खेळाच्या सरांना माहीत असणार. मेव्हणीला तर नक्की. बाकावर बसून एक माणूस खोटे आकडे सुवाच्य अक्षरात लिहून घेत होता, तेवढाच बाहेरचा.

रात्री मेव्हणीला फोन केला. तुला माहीत होतं का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला सांगून काय झालं असतं. मी फोन ठेवला.

२७ ऑगस्ट, गुरुवार

स्पर्धा समितीला शुद्धिपत्र लिहायला घेतलं. माझी अकरा पत्रं मागे घेण्यात यावीत. कारण काय लिहायचं ते सुचेना. "मोजणीत त्रुटी आढळल्यामुळे" असं लिहिलं. फाडलं. नव्या घड्याळांचा प्रश्न आहेच.

दूध नासलं. डेअरीवाल्याला सरळ सुनावलं. तो म्हणाला, साहेब, ताजंच देतो, तुम्ही संपवत नाही. उद्धट आहे.

३० ऑगस्ट, रविवार

फोन आला. मी उचलला नाही. दुसऱ्यांदा आला, उचलला नाही. तिसऱ्यांदा येईल म्हणून फोन हातात घेऊन बसलो.

तिसऱ्यांदा आला नाही.

५ सप्टेंबर, शनिवार

बारकी अकराच्या बसने आली, न कळवता. थोडी जाड झाली आहे. केस कापलेत. बूट दाराशी काढले, ते साधे चालायचे.

मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. वही टेबलावर ठेवली होती. तिने ती पाहिली आणि समोर बसली. आधी तीच बोलली. "तुम्ही मला न विचारता पत्र पाठवलंत. अख्खं कॉलेज बघत होतं, बाबा." तिला खोलीतल्या मुलींनी त्या दिवसापासून मिल्खी असं नाव ठेवलंय म्हणे. म्हशीचं नाव असतं तसं. सांगताना ती हसली नाही.

मी म्हटलं, टाकीमागे जाऊन आलो.

तिने मान खाली घातली नाही. मला वाटलं होतं घालेल.

मी वही उघडून पाच मिनिटं चार सेकंद या आकड्यावर बोट ठेवलं. तो दिवस तरी खरा असेल अशी कुठेतरी आशा होती. आईचा दिवस. तिने तारीख वाचली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दाढी केली नव्हती. म्हणून मी बसलेच नाही. बोळातून थेट निघाले."

मला कळेना. तिने मग हळूहळू सांगितलं. पहाटे घरातून निघताना ती माझा चेहरा बघायची. बरा दिसला तर वीस सेकंद बसायची. पडलेला दिसला तर दहा. चांगली वेळ आली की मी दिवसभर नीट असायचो, जेवायचो, ऑफिसला जायचो. म्हणून मनात सेकंद मोजायला शिकली. मला संशय येऊ नये एवढीच सुधारणा दर महिन्याला दाखवायची.

मी विचारलं, बसायचीस कशाला मुळात.

सुरुवातीला रडायला, म्हणाली. घरात रडली असती तर मी पुन्हा आडवा झालो असतो. आई गेल्यावर मी बेचाळीस दिवस उठलो नव्हतो. तिनेच खेळाच्या सरांना जाऊन सांगितलं, मला टीममध्ये घ्या, आणि घरी येऊन मला सांगितलं की पहाटे वेळ घ्यायला मोठं माणूस लागतं, असा शाळेचा नियम आहे. असा नियम नव्हता. पुढे वर्षभराने रडू यायचं थांबलं. बसायची सवय राहिली. तेवढीच जागा तिची होती.

"म्हणजे मला फसवलंस," मी म्हटलं.

"हो," म्हणाली. काही सबब सांगितली असती तर बरं झालं असतं.

मग तिने भांडी घासली. मी पुसली. बेचाळीस दिवसांची रजा घेतली होती हे खरं आहे. सर्व्हिस बुकात नोंद असेल. पण मी आजारी होतो.

६ सप्टेंबर, रविवार

तिला बसवर सोडलं. कॉलेजात धावणार नाही म्हणाली. पाचची जाग मात्र राहिली आहे. हॉस्टेलच्या अभ्यासिकेत त्या वेळी कुणी नसतं, तिथे जाऊन बसते. आधी वाईट वाटायचं, म्हणाली, की सवयीने उठतेय पण आता कुणासाठी. मग वाटलं, हा तास आपलाच. गणित त्याच तासात सुटलं. मी म्हटलं, म्हणजे मैदानाचा उपयोग झालाच. ती म्हणाली, मैदानाचा नाही, टाकीचा.

बस सुटताना खिडकीतून म्हणाली, पुढच्या रविवारी फोन उचला. मी म्हटलं, बघू.

८ सप्टेंबर, मंगळवार

मला लबाड दुकानदारांचा राग येत नाही. ते फायद्यासाठी करतात, ते समजतं. माप मारून गिऱ्हाइकाला जास्त देणारा मी अजून पाहिलेला नाही. अशाला कुठल्या कलमाखाली नोटीस द्यायची. हेडक्लार्कला विचारलं, अर्थात उदाहरण म्हणून. तो म्हणाला, साहेब, रजा घ्या.

रजा घेणार नाही.

१० सप्टेंबर, गुरुवार

वही पुन्हा वाचली. ज्या ज्या दिवशी वेळ फार चांगली, त्या दिवशी काय होतं ते आठवत गेलो. बदलीची अफवा. हिच्या कपड्यांचं कपाट रिकामं केलं तो दिवस. दात काढला होता. एक दिवस आठवेना; माझं काय बिनसलं होतं ते फक्त तिला माहीत असेल.

ही वही आता फेकावी असं ठरवलं. उद्या.

११ सप्टेंबर, शुक्रवार

फेकली नाही. कपाटात वर ठेवली.

१३ सप्टेंबर, रविवार

पाचला जाग आली. दाढी केली. मैदानावर गेलो. बाकावर बसलो नाही.

ट्रॅकवरून चालत टाकीपर्यंत गेलो. विटांवर बसलो. विटा माझ्या मानाने फार ठेंगण्या आहेत, गुडघे हनुवटीला लागतात. तिथून बाक दिसत नाही. टाकीची भिंत दिसते, आणि वर थोडं आकाश. स्टॉपवॉच सुरू करून, न बघता, मनात वीसपर्यंत मोजलं आणि बंद केलं. एकतीस सेकंद झाले होते. पुन्हा मोजलं. सव्वीस. तिला हे धाप लागलेली असताना जमायचं, बारा वर्षांची असताना.

तिला मी माफ केलेलं नाही. तिनेही मागितलेली नाही.

पहारेकऱ्याने लांबून हात केला आणि दुसऱ्या बाजूला झाडायला गेला.

फोन नऊ वाजता येईल. उचलायचा की नाही ते बघू.

येताना डेअरीवर थांबलो. त्याने नेहमीप्रमाणे एक लिटरची पिशवी पुढे केली. मी म्हटलं, अर्धा. त्याने पिशवी बदलून दिली. घरी येऊन दूध तापवलं.